सदोष सॉफ्टवेअर : जबाबदार कोण?

मिक्सरचे पाते तुटून कोणी जखमी झाले, तर नुकसानभरपाई कोणाकडे मागायची याविषयी फारसा संभ्रम नसतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. संगणकात वा भ्रमणध्वनीत ते बसवताना ‘मला मान्य आहे’ या चौकटीवर टिचकी मारली जाते आणि त्याच क्षणी एक करार अस्तित्वात येतो. तो क्वचितच कोणी वाचतो. सॉफ्टवेअर ‘आहे त्या स्थितीत’ दिले जात असून त्यातील दोषामुळे हानी झाल्यास निर्माता जबाबदार राहणार नाही, किंवा राहिलाच तर मोजलेल्या किमतीपुरता, असे त्यात बहुधा नमूद असते. शिवाय सॉफ्टवेअर विकले जात नाही. त्याच्या वापराचा केवळ परवाना दिला जातो. विक्रीच नाही म्हटल्यावर मालविक्रीच्या कायद्याचे संरक्षणही वादग्रस्त ठरते.

अशी कलमे न्यायालयात कितपत टिकतात, याचा विचार करताना इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स परिषद विरुद्ध इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स लिमिटेड या खटल्याचा दाखला दिला जातो. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने आणलेल्या ‘पोल टॅक्स’च्या आकारणीसाठी या स्थानिक परिषदेने १९८८ मध्ये कंपनीकडून संगणकप्रणाली घेतली. तिच्यातील चुकीमुळे करपात्र प्रौढांची संख्या २,९६६ ने अधिक दिसली. फुगलेल्या आकड्याने भागल्यामुळे माणशी कर कमी ठरला. हर्टफर्डशायर काउंटीला द्यावयाचा वाटा मात्र वाढला. कागदावरच्या माणसांकडून कर वसूल होणार तरी कसा? परिषदेला सुमारे १३ लाख पौंडांचा फटका बसला आणि करारात भरपाईची कमाल मर्यादा होती एक लाख पौंड.

१९९४ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने १९७७ च्या अन्याय्य करार-अटींविषयीच्या कायद्यानुसार ही मर्यादा अवाजवी ठरवली. कंपनीचा पाच कोटी पौंडांचा विमा होता, ही बाब त्यात महत्त्वाची ठरली. हानीचा भार विमा उतरवू शकणाऱ्या आणि नफा मिळवणाऱ्या पक्षाने उचलावा, स्थानिक करदात्यांनी नव्हे, असा हा विचार होता. अपील न्यायालयाने १९९६ मध्ये तो उचलून धरला. परिषदेने पुढील वर्षी कर वाढवून वसूल केलेले ४ लाख ८४ हजार पौंड तेवढे भरपाईतून वजा झाले. याच निकालात न्यायमूर्ती ग्लाइडवेल यांनी एक भेद मांडला : सॉफ्टवेअर असलेली डिस्क हा ‘माल’ आहे, पण नुसता प्रोग्रॅम नाही. तरीही तो हेतूला पुरेसा योग्य असावा ही अट करारात गृहीत धरली पाहिजे, असे त्यांचे मत होते.

भारतात हा प्रश्न आधी सोडवला तो ग्राहकाने नव्हे, विक्रीकर खात्याने! टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा ‘माल’ असल्याचे ठरवले. मागणीनुसार घडवलेल्या सॉफ्टवेअरविषयी मात्र बहुमताने मत देण्याचे टाळले. करवसुलीपुरता जो माल, तो भरपाईपुरता माल नव्हे, असे म्हणणे निदान तर्काला धरून नाही.

जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आले. निर्मितीतील दोषाबरोबरच रचनेतील दोष आणि अपुऱ्या सूचना यांसाठीही उत्पादकावर दायित्व येते. पण उत्पादनाच्या व्याख्येत घन, द्रव व वायू या अवस्थांचा उल्लेख आहे, सॉफ्टवेअरचा नाही. ते यांपैकी कशात मोडते हे सांगण्यास पदार्थविज्ञानाचा प्राध्यापकही धजावणार नाही. सदोष सेवा म्हणून दाद मागण्याचा मार्ग आहे. तसेच अन्याय्य करार रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना मिळाला आहे. मात्र व्यापारी हेतूने घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारासाठी घेणाऱ्यालाच त्यातून सूट आहे.

युरोपीय महासंघाने ही संदिग्धता दूर केली. २०२४ च्या नव्या निर्देशानुसार सॉफ्टवेअर हे स्पष्टपणे ‘उत्पादन’ आहे, मग ते डिस्कवर असो वा इंटरनेटवरून वापरले जावो. ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांना हा नियम लागू होतो. व्यापारी व्यवहाराबाहेर विनामूल्य दिलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यातून वगळले आहे. भरपाई मिळेल ती व्यक्तींना. कंपन्यांच्या आर्थिक तोट्याला नाही.

असा तोटा केवढा असू शकतो, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्ययावतीकरणाने विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख उपकरणे ठप्प झाली. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. सुमारे ७,००० उड्डाणे रद्द करावी लागलेल्या अमेरिकेच्या डेल्टा विमान कंपनीने ५० कोटी डॉलरच्या नुकसानीचा दावा केला. क्राउडस्ट्राइकने करारातील दायित्वमर्यादेकडे बोट दाखवले. मे २०२५ मध्ये जॉर्जियातील न्यायालयाने घोर निष्काळजीपणाच्या आरोपासह दाव्याचा बराचसा भाग पुढे चालवण्यास परवानगी दिली.