दहावीच्या इंग्रजीत कवितेचं ‘रसग्रहण’ कसं लिहायचं?

मुळशी तालुक्यातलं माण आयटी पार्कला लागून. इथे इंग्रजी म्हणजे नोकरीची भाषा. पण राज्य मंडळाच्या दहावीत मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी कविताही अभ्यासावी लागते. लेखी पेपर ८० गुणांचा, त्यात रसग्रहणाला ५ गुण. कवी, यमकरचना, अलंकार आणि आशय लिहायचा असतो. अनेक जण ते गाईडमधून पाठ करतात. मग कविता बदलली तरी आशय तोच! यमक, अलंकार ओळखता येतात, आशय मात्र कविता वाचूनच कळतो. तो आधी मराठीत सांगून पाहा, मग इंग्रजीत दोन साधी वाक्यं लिहा. हीच सवय अनुवादाच्या प्रश्नातही उपयोगी पडते. तिथे इंग्रजी म्हण आली की शब्दशः अनुवाद फसतो, त्याच अर्थाची मराठी म्हण आठवावी लागते.