कवडू नावाची किंमत

आज एका नावाविषयी बोलू या. कवडू. आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, जुन्या माणसांमध्ये हे नाव पुष्कळ ऐकू येतं. कवडी बाजारातून कधीच गेली, पण नावात मात्र राहिली.

कवडी हे एके काळी खरंखुरं चलन होतं. मालदीव बेटांवरून जहाजं भरून कवड्या यायच्या. बंगाल आणि ओडिशात भाजीपाला, मीठ, मजुरी सगळं कवड्यांवर चालायचं. कवडी झिजत नाही, मोडत नाही आणि खोटी पाडता येत नाही. चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण आणि सोळा पणांचा एक काहण. म्हणजे एका काहणात १२८० कवड्या. रुपयाला पाच हजारांच्या आसपास कवड्या मिळायच्या. रुपया गरिबाच्या हाती क्वचितच यायचा. त्याचा पैसा म्हणजे कवडीच.

ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १८०३ साली तो मुलूख इंग्रज कंपनीकडे गेला आणि कंपनीने शेतसारा चांदीच्या रुपयात मागायला सुरुवात केली. लोकांजवळ होत्या कवड्या. सारा भरायला त्या विकाव्या लागल्या, तसा त्यांचा भाव घसरला. १८१७ साली खुर्दा भागात पाईकांचा मोठा उठाव झाला. जमिनी गेल्या, मीठ महागलं आणि कवडी पडली, ही त्यामागची कारणं. पुढे कवडीचं चलन संपलं. उरलं ते बोलण्यात: कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी.

मग अशा कवडीचं नाव पोटच्या लेकराला का द्यायचं?

शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात दर पाच बाळांमागे साधारण एक बाळ वर्षाचं व्हायच्या आत जात असे. ज्या बाईची दोन-तीन लेकरं गेली, तिला पुढचं वाचवायला कोणता उपाय होता? दवाखाना नव्हता, लस नव्हती. मग बाळ जन्मलं की ते सुईणीच्या किंवा शेजारणीच्या ओटीत घालायचं आणि दोन-चार कवड्या देऊन परत विकत घ्यायचं. हे आमचं नाही, विकतचं आहे, कवडीच्या मोलाचं आहे, असं नशिबाला दाखवायचं. ज्याला मोल नाही, त्याच्यावर दृष्ट कोण लावणार?

ही रीत दूरवर होती. बंगालमध्ये तिनकडी, पाचकडी, सातकडी अशी नावं आहेत. जितक्या कवड्यांना बाळ घेतलं, तेवढा आकडा नावात. १८९३ साली कोलकात्याच्या मिनर्व्हा रंगमंचावर लेडी मॅकबेथची भूमिका गाजवणाऱ्या नटीचं नाव तिनकडी दासी होतं. बिहार-उत्तर प्रदेशात छकौडी आणि दमडी ही नावं आहेत. दमडी म्हणजे अकबराच्या काळातल्या तांब्याच्या दामाचा आठवा भाग. आपल्याकडचे दगडू, धोंडू, भिकू हेही याच घरातले.

म्हणून कवडू हे हिणवण्याचं नाव नाही. वरून कवडीमोल म्हणायचं आणि आतून जिवापाड जपायचं, असं ते नाव आहे.

पण याच्या शेजारी दुसरं एक नाव ठेवून बघा. नकुशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात या नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली गेली. कवडू म्हणजे 'मृत्यूला हा नको व्हावा'. नकुशी म्हणजे 'आम्हालाच ही नको'. दोन्ही नावं ऐकायला हलकी. पण एकात आईची माया आहे आणि दुसऱ्यात मुलीचा नकार.

आज वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी तीसच्या खाली आलं आहे. लसीकरण, दवाखान्यातलं बाळंतपण, आशाताईंच्या फेऱ्या, यांनी जे केलं ते कवड्यांना करता आलं नव्हतं. त्यामुळे नव्या कवडूची गरज उरली नाही. नकुशीची तर कधीच नव्हती.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक करा. गावातल्या जुन्या बायकांना विचारा, तुमचं नाव कुणी ठेवलं आणि का? जे कळेल ते वहीत लिहून ठेवा. त्या नावांमध्ये आपल्या आज्यांनी सोसलेलं बरंच काही सापडेल.