उपासाची संध्याकाळ, सणाची रात्र

'नाताळ' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. १५३४ साली वसई त्यांच्या हाती आली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य गेले, शब्द राहिला आणि सणही राहिला. युरोपीय मिशनरी निघून गेल्यावर गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंनी येथील श्रद्धावंतांना सांभाळले. परंतु सण जागता ठेवण्याचे पुष्कळसे श्रेय वाडीवाडीतील घरांचे आहे. त्या घरांच्या तयारीचा इतिहास दप्तरांत शोधून मिळत नाही. तो चुलीपाशी आणि ख्रिस्तसभेच्या जुन्या नियमांत दडलेला आहे.

आगमनकाळ येतो तोवर वसईच्या शेतांतील भात झोडून झालेले असे. नवे तांदूळ घरात आले की भिंतींना चुना आणि अंगणाला सारवण होई. करंज्या-लाडवांसाठी आयाबाया आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी जमत. सांदणांचे पीठ फुगविण्यासाठी ताडी लागे, ती भंडारी शेजाऱ्याकडून येई. आपल्या सणाच्या पिठात शेजारधर्माचाही वाटा होता, हे विसरता कामा नये. गव्हाणीसाठी पेंढा आपल्याच शेतातला. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा उभा केला. त्याच्याच संघाचे धर्मगुरू सोळाव्या शतकात वसईत आले. त्या गव्हाणीला आमच्या शेताचा पेंढा परका वाटला नसेल.

१६ डिसेंबरपासून नोव्हेना आणि २४ तारखेला उपास. आज अनेकांना हे ठाऊकही नसेल. १९१७ च्या धर्मविधीसंहितेनुसार नाताळची पूर्वसंध्या हा उपासाचा व मांसवर्ज्य दिवस होता. दिवसातून एकदाच पोटभर जेवण घेता येई. म्हणजे घरात तळणाचा घमघमाट सुटलेला आणि तळणारीच उपाशी! आमच्या पिढीने तो काळ पाहिला नाही. वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला. डबे भरलेले असत, पण मिस्सा होईपर्यंत झाकण उघडायचे नाही, हे मुलांनाही सांगावे लागत नसे.

त्या रात्रीचे अप्रूपही आज पुरते कळणार नाही. जुन्या नियमाप्रमाणे मिस्सा पहाटेपासून दुपारी एकपर्यंतच सुरू करता येई. इस्टरचा जागरणविधीसुद्धा १९५१ पर्यंत शनिवारी सकाळीच उरकत असे. नाताळच्या रात्री मात्र धर्मग्रामाची मिस्सा मध्यरात्री सुरू करण्याची मोकळीक होती. कंदील घेऊन शेताच्या बांधावरून चर्चकडे निघालेले गाव वर्षातून त्या एकाच रात्री दिसे. मिस्सा लॅटिनमध्ये असे; शब्द थोड्यांनाच कळत. पण दिवसभराची भूक आणि काळोखातली वाट, यांचा अर्थ न कळणारा कोणीच नव्हता.

पुढे १९५३ साली पोप बारावे पायस यांनी संध्याकाळच्या मिस्सेला वाट मोकळी केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपासाचे नियम बदलले आणि राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार हे दोनच उपास बंधनकारक राहिले. हे बदल आवश्यक होते. कष्टकरी आणि आजारी माणसांवर ती दयाच होती. मात्र पोप महोदयांनी उपासाचे बंधन सैल केले, तपश्चर्येची हाक मागे घेतली नाही. ती आता प्रत्येकाने स्वखुशीने ऐकायची होती. आपण बंधन सोडले ते चटकन, हाक मात्र फारशी ऐकली नाही.

आज फराळ विकत मिळतो. त्यात वावगे काही नाही. नोकरी करणाऱ्या माउलीने रात्र रात्र जागावे, असे कोण म्हणेल? पण डबा १० डिसेंबरलाच उघडला, तर २५ तारखेला उघडायचे काय उरते? आपल्या आज्यांना ईशज्ञानाचे धडे कोणी दिले नव्हते. तरी ज्याची वाट पाहिली तोच पाहुणा खऱ्या अर्थाने घरी येतो, हे त्यांना उमगले होते. यंदा नियम म्हणून नव्हे, तर प्रेमापोटी २४ तारखेची संध्याकाळ आपण उपाशी राहून पाहू या. आणि गव्हाणीपुढे गुडघे टेकून आल्यावर पहिले ताट शेजाऱ्याच्या घरी पाठवू या.