वेस्ट पॉइंटचें प्रवेशद्वार

ओहायो राज्यांतील जॉर्जटाउन या लहानशा गांवांत जेसी ग्रँट नांवाचा कातडीं कमावण्याचा धंदा करणारा एक गृहस्थ राहत असे. त्याच्या थोरल्या मुलाला बापाच्या या धंद्याची मनापासून किळस होती. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत गेलेला शेजारच्या डॉक्टरांचा मुलगा तेथें टिकूं शकला नाहीं, ही बातमी जेसीच्या कानीं आली. गांवाच्या लेखीं ती एका घराची नामुष्की होती. जेसीच्या लेखीं ती एक रिकामी झालेली जागा होती. त्या विद्यालयांतील शिक्षणाचा सर्व खर्च सरकार करी आणि शिक्षण संपल्यावर सैन्यांत अधिकाराची जागा मिळे. जेसीनें प्रथम आपल्या राज्याच्या सीनेटराकडे विचारणा केली. उत्तर आलें कीं, ती जागा भरणें हें त्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीचें काम आहे. हा प्रतिनिधि म्हणजे थॉमस हॅमर. तो एके काळचा जेसीचा स्नेही. पण राजकारणांतील मतभेदामुळें दोघांचें बोलणें कधींच बंद पडलें होतें.

जेसीनें मान बाजूला ठेवून पत्र लिहिलें. १८३९ च्या आरंभीं तें हॅमरच्या हातीं पडलें तेव्हां त्याची प्रतिनिधिसभेची मुदत संपत आली होती. त्यानें जुनें वैर मनांत न आणतां शिफारस लिहून दिली. मात्र घाईंत मुलाचें पुरतें नांव त्याला आठवेना. आईचें माहेरचें आडनांव सिम्पसन, म्हणून त्यानें ‘युलिसिस एस्. ग्रँट’ असें लिहून टाकलें. मुलाचें खरें नांव होतें हायरम युलिसिस ग्रँट. पण सरकारी कागदावर एकदां चढलेलें नांव उतरलें नाहीं. पुढें यादवी युद्धांत उत्तरेच्या फौजांना विजय मिळवून देणारा सेनापति आणि १८६९ ते १८७७ पर्यंत अमेरिकेचा अध्यक्ष असलेला हा पुरुष हॅमरच्या त्या चुकीसकट इतिहासांत गेला.

सैन्याच्या अधिकाऱ्याची जागा एका खेड्यापाड्यांतील राजकारण्याच्या लेखणीवर कां अवलंबून असावी, असा प्रश्न येथें सहजच उभा राहतो. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं विद्यालयाच्या जन्मकाळाकडे वळलें पाहिजे.

वेस्ट पॉइंटचें विद्यालय १६ मार्च १८०२ रोजीं अध्यक्ष जेफर्सन यांच्या सहीनें झालेल्या कायद्यानें अस्तित्वांत आलें. इंग्लंडच्या राजसत्तेशीं लढून स्वतंत्र झालेल्या या राष्ट्राला कायमच्या सैन्याची मोठी धास्ती वाटत असे. पगारी सैन्य आणि त्यावर वंशपरंपरेनें हुकमत चालविणारे सरदार, हें युरोपांतील चित्र येथें नको, अशी सर्वसाधारण भावना होती. परंतु लष्करी विद्या जाणणारे अधिकारी तर हवेतच. तेव्हां ते निवडावयाचे कोणी? प्रारंभीं हा अधिकार अध्यक्षांकडे, म्हणजे व्यवहारांत युद्धमंत्र्याकडे होता. साहजिकच राजधानींत ज्याची ओळख, त्याच्या मुलाला जागा, अशी तक्रार ऐकूं येऊं लागली. १८३० मध्यें टेनेसीचा प्रतिनिधि डेव्हिड क्रॉकेट यानें हें विद्यालयच बंद करावें असा ठराव आणला. गरिबांच्या करांतून श्रीमंतांचीं आणि वजनदार माणसांचीं मुलें शिकविलीं जात आहेत, असा त्याचा मुख्य आक्षेप होता.

ठराव फेटाळला गेला. पण आक्षेप खोटा ठरला नाहीं. कायदेमंडळानें त्याला जें उत्तर दिलें तें अगदीं साधें होतें: जागा वाटून द्याव्या. प्रत्येक मतदारसंघाला एक कॅडेट, असा प्रघात त्या सुमारास पडूं लागला होताच. १ मार्च १८४३ च्या कायद्यानें त्याला पक्कें स्वरूप आलें. प्रत्येक मतदारसंघाचा एक कॅडेट, तो त्या मतदारसंघाचा खराखुरा रहिवासी असावा, आणि यांखेरीज दहा जागा सर्व देशांतून अध्यक्षांनीं भराव्या, असें ठरलें. ग्रँट प्रघाताच्या आधारें आंत आला होता. तो पदवी घेऊन बाहेर पडला त्याच वर्षीं प्रघाताचा कायदा झाला.

या वांटणीचे परिणाम दूरवर पोंचले. सैन्याच्या अधिकारिवर्गांत देशाच्या कानाकोपऱ्यांतील मुलें येऊं लागलीं. कोणाही अध्यक्षाला सारें विद्यालय आपल्या पक्षाच्या मुलांनीं भरून टाकणें अशक्य झालें. आणि जागा मतदारसंघाची असल्यामुळें, तेथील मुलगा बाहेर पडल्याखेरीज दुसऱ्याला आंत शिरतां येईना. ग्रँटच्या बाबतींत हेंच घडलें, आणि तीन वर्षांनीं व्हर्जिनियांतहि तेंच घडलें. १८४२ मध्यें तेथील एका मतदारसंघाचा पहिला उमेदवार वेस्ट पॉइंटची शिस्त पाहतांच घरीं परतला. त्याच्या राजीनाम्याचें पत्र घेऊन एक पोरका, तुटपुंज्या शिक्षणाचा तरुण वॉशिंग्टनला आपला प्रतिनिधि सॅम्युएल हेज याच्याकडे गेला आणि ती जागा मिळवून आला. त्याचें नांव थॉमस जॅक्सन. दक्षिणेचा सेनापति ‘स्टोनवॉल’ जॅक्सन तो हाच. चार वर्षें रात्रंदिवस खपून तो ५९ जणांत सतरावा आला. राजधानींत ज्यांचें नांव कोणालाहि ठाऊक नव्हतें अशा घरांतील मुलांना एका ओळखीच्या दारावर थाप मारतां आली, हें या पद्धतीचें खरें श्रेय होय.

परंतु ज्याच्या हातीं देणें आहे त्याच्या हातीं विकणेंहि असतें. १८७० मध्यें प्रतिनिधिसभेंत या जागांचा चक्क बाजार मांडला गेल्याचें उघडकीस आलें. दक्षिण कॅरोलायनाचा बेंजामिन व्हिटमोर आणि उत्तर कॅरोलायनाचा जॉन डीवीस यांनीं हकालपट्टी टाळण्यासाठीं राजीनामे दिले, तरी सभेनें त्यांचा निषेध नोंदविलाच. टेनेसीच्या रॉडरिक बटलरलाहि असाच ठपका सोसावा लागला. व्हिटमोरच्या मतदारांनीं त्याला पुन्हा निवडून दिलें तेव्हां सभेनें त्याला आसन देण्याचें नाकारलें.

या लाजिरवाण्या प्रकारानें शिफारशीचा अधिकार गेला नाहीं. मात्र तो वापरण्याची रीत हळूहळू पालटली. कांहीं प्रतिनिधि आपण होऊन स्पर्धापरीक्षा घेऊं लागले. पुढें सेनापति म्हणून गाजलेला डग्लस मॅक्आर्थर हा सैन्यांतील अधिकाऱ्याचा मुलगा. तरीहि अध्यक्षांच्या वांट्याची जागा त्याला मिळाली नाहीं. मग आई त्याला घेऊन मिलवॉकीस जाऊन राहिली, कारण रहिवास असल्याखेरीज तेथील प्रतिनिधि थिओबाल्ड ओट्येन यांच्याकडे अर्ज करतां येत नव्हता. १८९८ च्या परीक्षेंत तो ९३.३ गुण मिळवून पहिला आला. १९१० मध्यें कॅन्ससमधील ॲबिलीन गांवच्या एका लोणी-बर्फाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या ड्वाइट आयझेनहॉवरनें सीनेटर जोसेफ ब्रिस्टो यांना पत्र लिहिलें. तोंवर सीनेटरांनाहि शिफारशीचा अधिकार मिळाला होता. ब्रिस्टो यांनीं त्याला परीक्षेस बसविलें आणि गुण पाहून त्याचें नांव पाठविलें. १९१५ सालीं तो पदवीधर झाला आणि १९५३ मध्यें अमेरिकेचा अध्यक्ष.

येथवरच्या हकिकती वाचून पद्धति सुधारत गेली असें समाधान वाटेल. पण त्याच काळांत तिची दुसरी बाजूहि दिसत होती. दार मतदारसंघाच्या प्रतिनिधीनें उघडावयाचें, म्हणजे ज्यांच्या मताला किंमत नाहीं त्यांच्यासाठीं तें उघडणार कोण?

यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला, आणि लगेच त्याचा परिणाम वेस्ट पॉइंटवर दिसला. १८७० मध्यें दक्षिण कॅरोलायनांतून जेम्स वेब्स्टर स्मिथ हा पहिला कृष्णवर्णीय कॅडेट आंत आला. चार वर्षें छळ सोसल्यावर १८७४ मध्यें त्याला एका विषयांत नापास ठरवून काढून टाकण्यांत आलें. गुलामगिरींत जन्मलेल्या हेन्री फ्लिपरनें जॉर्जियाचे प्रतिनिधि जेम्स फ्रीमन यांना स्वतः पत्र लिहून शिफारस मिळविली. जागा सोडून देण्यासाठीं त्याला पैशाचें आमिष दाखविण्यांत आलें. तें त्यानें झिडकारलें आणि १८७७ मध्यें तो वेस्ट पॉइंटचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर झाला. त्यामागून १८८७ मध्यें जॉन अलेक्झांडर आणि १८८९ मध्यें चार्ल्स यंग असे आणखी दोघे बाहेर पडले.

त्यानंतर ४७ वर्षें एकहि नाहीं. दक्षिणेंतील राज्यांनीं कर, साक्षरतेच्या चांचण्या आणि दहशत यांच्या बळावर कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला. १९०१ मध्यें जॉर्ज व्हाइट यांची मुदत संपल्यावर कायदेमंडळांत त्यांचा एकहि माणूस उरला नाहीं. १९२९ मध्यें शिकागोचे ऑस्कर डी प्रीस्ट सभेंत दाखल होईपर्यंत ही स्थिति टिकली. विद्यालयाच्या नियमांत कोठेंहि वर्णाचा उल्लेख नव्हता, आणि तसा उल्लेख करण्याची गरजहि कोणाला पडली नाहीं. मतपेटी बंद झाली तेव्हां विद्यालयाचें दार आपोआप बंद झालें.

तें पुन्हा उघडलें तेंहि मतपेटीनेंच. सैन्यांतील कृष्णवर्णीय अधिकाऱ्याचा मुलगा बेंजामिन डेव्हिस यानें शिकागोंत रहिवास केला. डी प्रीस्ट यांनीं त्याची शिफारस केली. पहिल्या खेपेस तो प्रवेशपरीक्षेंत नापास झाला, दुसऱ्या खेपेस १९३२ मध्यें आंत आला. चार वर्षें सहाध्यायांनीं कामापुरतें सोडून त्याच्याशीं बोलणें टाकलें. त्याच्या खोलींत कोणी राहिलें नाहीं, त्याच्या शेजारीं कोणी जेवलें नाहीं. १९३६ मध्यें तो २७६ जणांत ३५ वा आला, आणि १९५४ मध्यें अमेरिकेच्या हवाई दलाचा पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला. ॲनापोलिसच्या नाविक विद्यालयानें, जें १८४५ मध्यें स्थापन झालें होतें, पहिला कृष्णवर्णीय पदवीधर १९४९ मध्यें पाहिला. त्याचें नांव वेस्ली ब्राउन; शिफारस करणारे प्रतिनिधि न्यूयॉर्कमधील हार्लेमचे ॲडम क्लेटन पॉवेल. स्त्रियांना तर १९७५ च्या कायद्यापर्यंत थांबावें लागलें. त्यांची पहिली तुकडी १९७६ मध्यें आंत गेली आणि १९८० मध्यें पदवीधर झाली.

आज ही पद्धति पुष्कळ गुंतागुंतीची झाली आहे, पण तिचा कणा १८४३ चाच आहे. वेस्ट पॉइंट, ॲनापोलिस आणि १९५४ च्या कायद्यानें स्थापन झालेलें हवाई दलाचें विद्यालय, या प्रत्येक ठिकाणीं एका सीनेटराचे किंवा प्रतिनिधीचे एका वेळीं पांच विद्यार्थी असूं शकतात. जागा रिकामी झाली कीं तो एक नव्हे, अनेक नांवें पाठवितो. त्यांतील एकाला मुख्य ठरवून बाकीच्यांना क्रम लावावा, मुख्य सांगून बाकीच्यांची निवड विद्यालयावर सोंपवावी, कीं सर्वांनाच स्पर्धेंत सोडावें, हें तो ठरवितो. शिफारस म्हणजे प्रवेश नव्हे. विद्या, शरीर आणि आरोग्य यांची कसोटी विद्यालय स्वतः घेतें. सैनिकांच्या मुलांसाठीं अध्यक्षांच्या हातीं वर्षाला १०० जागा आहेत. उपाध्यक्षांच्या वांट्यासहि कांहीं आहेत. सर्वोच्च शौर्यपदक मिळविलेल्यांच्या मुलांना संख्येची अट नाहीं.

वांटणी केली म्हणून ती सम झाली, असें मात्र नव्हे. राज्य लहान असो वा मोठें, सीनेटर दोनच. वायोमिंगचे दोन सीनेटर आणि एक प्रतिनिधि मिळून एका विद्यालयांत पंधरा जागा होतात. कॅलिफोर्नियाचे दोन आणि बावन्न मिळून २७०. म्हणजे जागा अठरा पट. पण २०२० च्या शिरगणतीप्रमाणें कॅलिफोर्नियाची वस्ती वायोमिंगच्या सुमारें ६८ पट आहे. न्यूयॉर्क राज्यांतील किंग्ज पॉइंटच्या व्यापारी नौकानयनाच्या विद्यालयांत आणखी निराळी रीत आहे. तेथें शिफारस सीनेटर किंवा प्रतिनिधीचीच, पण जागा सबंध राज्याची. कायदेमंडळांतील राज्याच्या संख्येच्या प्रमाणांत ठरलेल्या जागांसाठीं त्या राज्याचे सर्व उमेदवार आपसांत झगडतात. आणि न्यू लंडन येथील किनारा-रक्षक दलाच्या विद्यालयांत शिफारस मुळींच नाहीं. सर्व देशाची एकच स्पर्धा.

हिंदुस्थानाचाहि या कथेशीं थोडा संबंध आहे. पुण्याजवळ खडकवासल्यास जी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ च्या आरंभीं सुरू झाली, तिची आंखणी करणाऱ्या समितीपुढें वेस्ट पॉइंटचा नमुना होता. परंतु तेथील शिक्षणाची धाटणी घेतांना प्रवेशाची किल्ली घेतली गेली नाहीं. खडकवासल्याला लोकसभेच्या सभासदाचें पत्र लागत नाहीं. केंद्रीय लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा, निवडमंडळाची मुलाखत आणि अखिल भारतीय गुणानुक्रम, एवढेंच लागतें.

दोन्ही रीतींना आपापली शंका विचारतां येते. परीक्षेला विचारावें कीं, ज्या गांवांत शाळाच धड नाहीं तेथल्या मुलाला हा गुणानुक्रम कसा गांठतां येणार? शिफारशीला विचारावें कीं, ज्याचें ऐकणारा प्रतिनिधि कोणी नाहीं त्यानें पत्र कोणाला लिहावें? जेसी ग्रँटला अबोला मोडून एक पत्र लिहितां आलें, कारण तो मतदार होता आणि हॅमरला तें ठाऊक होतें. त्याच वर्षीं त्याच देशांत लाखो बाप असे होते कीं, त्यांना लिहावयास शिकण्याचीहि मनाई होती. त्यांतल्या एकाच्या नातवंडाला ती जागा मिळण्यासाठीं आधीं मत मिळावें लागलें, मग तें गेल्यावर पुन्हा मिळवावें लागलें. वेस्ट पॉइंटच्या प्रवेशाचा इतिहास हा या कारणानें विद्यालयाच्या इतिहासाइतकाच त्या देशांतील मताधिकाराचा इतिहास आहे.