लघुग्रहांचे प्रकाशमापन व ध्रुवणमापन

लघुग्रहावरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाची तेजस्विता व ध्रुवण मोजून त्याचा आकार, आकारमान, परिवलनकाल आणि पृष्ठभागाचे स्वरूप ठरविण्याच्या पद्धती. बहुतेक लघुग्रह दूरदर्शकातूनही केवळ बिंदूसारखे दिसतात. म्हणून या पद्धतींना महत्त्व आहे.

प्रकाशमापन : लांबट लघुग्रह स्वतःभोवती फिरताना त्याचा दिसणारा प्रकाशित भाग लहानमोठा होतो आणि तेजस्विता कमीजास्त होते. या बदलाच्या आलेखास प्रकाशवक्र म्हणतात. एका परिवलनात त्यात बहुधा दोन शिखरे येतात. ईरॉस या लघुग्रहाच्या तेजस्वितेतील असा बदल एगोन फोन ओपोल्झर यांना १९०१ मध्ये आढळला. त्याचा परिवलनकाल सु. ५ तास १६ मिनिटे आहे. सूर्य व पृथ्वी यांच्या दिशांमध्ये लघुग्रहापाशी होणाऱ्या कोनास कलाकोन म्हणतात. तो शून्याजवळ आल्यावर लघुग्रह एकाएकी अधिक उजळतो, हे टॉम गेरेल्स यांनी १९५६ मध्ये मॅसालिया या लघुग्रहाच्या निरीक्षणांवरून दाखविले.

मोठा काळपट पिंड आणि लहान उजळ पिंड सारखेच तेजस्वी दिसू शकतात. त्यांतील फरक केवळ दृश्य तेजस्वितेवरून कळत नाही, ध्रुवणावरून कळतो.

ध्रुवणमापन : कलाकोन सु. २०° पेक्षा कमी असताना प्रकाशाचे ध्रुवण सूर्य, लघुग्रह व पृथ्वी यांच्या प्रतलाला समांतर असते. यास ऋण ध्रुवण म्हणतात. कोन त्यापुढे वाढला की ते प्रतलाला लंब, म्हणजे धन होते. या बदलाच्या ठिकाणी कलाकोनानुसार काढलेल्या ध्रुवणाच्या आलेखाचा चढ जितका तीव्र, तितका पृष्ठभाग काळपट. उजळ पृष्ठभागाच्या कणांमध्ये प्रकाश अनेकदा विखुरतो, त्यामुळे त्याचे ध्रुवण क्षीण होते. अशा रीतीने परावर्तनक्षमता समजली की तेजस्वितेवरून व्यास काढता येतो. क्लार्क चॅपमन, डेव्हिड मॉरिसन व बेन झेलनर यांनी १९७५ मध्ये लघुग्रहांचे सी व एस हे वर्ग मांडताना ध्रुवणाचाही आधार घेतला.

व्हेस्टा या लघुग्रहाची तेजस्विता वाढते तेव्हा त्याच्या ध्रुवणाचे प्रमाण घटते. म्हणजे त्याच्या तेजस्वितेतील बदलास आकारापेक्षा पृष्ठभागावरील उजळ-काळपट प्रदेश अधिक कारणीभूत आहेत. डॉन यानाने २०११-१२ मध्ये हे प्रदेश जवळून टिपले.

डार्ट यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी डिडिमॉस या लघुग्रहाच्या डायमॉर्फस या उपग्रहावर आदळले. या उपग्रहाचा डिडिमॉसभोवतीचा प्रदक्षिणाकाल सु. ३३ मिनिटांनी घटल्याचे प्रकाशवक्रातील ग्रहणांवरून सिद्ध झाले. आघाताने धूळ उडाल्यावर या जोडीच्या प्रकाशाचे ध्रुवणही कमी झाले.

मर्यादा : मुख्य पट्ट्यातील लघुग्रहांचा कलाकोन पृथ्वीवरून सु. ३०° पलीकडे जात नाही. त्यामुळे धन ध्रुवणाचा मोठा भाग केवळ पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांबाबतच मोजता येतो. अशांपैकी फेथॉन या लघुग्रहाचे ध्रुवण २०१६ मध्ये सु. १०६° कलाकोनावर ५० टक्क्यांच्या आसपास आढळले.