पोलादाचा पीळ

मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी बहुधा इंजिनापाशीच रेंगाळते. सिलिंडर किती, अश्वशक्ती किती, वेग किती, एवढे सांगितले की गाडीचे चरित्र संपले, असा समज असतो. त्या इंजिनाचा भार ज्यावर तोललेला असतो त्या स्प्रिंगेकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. अमेरिकेतील 'मसल कार'च्या बाबतीत हे दुर्लक्ष केवळ लेखकांचे नव्हते; गाड्या विकणाऱ्यांचे आणि विकत घेणाऱ्यांचेही होते. त्याची भरपाई त्या गाड्या जपणारे लोक आजही करीत आहेत.

क्रायस्लर कंपनीच्या मसल कारमधील पुढची स्प्रिंग म्हणजे दिसायला एक साधी पोलादी सळई. तिला टॉर्शन बार म्हणतात. ओले लुगडे पिळून हात सैल केला की ते आपोआप थोडे उलटे फिरते, तत्त्व तेच. सळईचे एक टोक गाडीच्या सांगाड्यात घट्ट धरलेले, दुसरे चाकाच्या खालच्या दांड्यात बसवलेले. चाक खड्ड्यातून वर उचलले गेले की सळई पिळली जाते आणि पीळ सुटताना चाकाला पुन्हा खाली आणते. ना वेटोळी, ना पाटे.

फर्डिनांड पोर्शे यांनी 1931 साली या रचनेचे पेटंट घेतले. 1934 च्या फ्रेंच सित्रोएन गाडीने तिचा अवलंब केला, आणि दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाडेही अशाच सळयांवर धावले. इंग्लंडमध्ये 1948 च्या मॉरिस मायनरला ती लाभली, पाठोपाठ मॉरिस ऑक्सफर्डला. या ऑक्सफर्डवरूनच आपली अँबॅसडर घडली. 1957 पासून 2014 पर्यंत निघालेल्या या गाडीतून आंबोलीचा घाट ज्यांनी चढला-उतरला असेल, त्यांच्या पायांखालीही टॉर्शन बारच पिळला जात होता.

अमेरिकेत 1955 साली पॅकार्डने हा प्रयोग केला. पण तो रुजवला क्रायस्लरने. 1957 पासून प्लिमथ, डॉज, डिसोटो अशा तिच्या सर्व गाड्यांच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार आले. सळया लांबीच्या दिशेने जमिनीलगत बसत, त्यामुळे इंजिनाभोवतीची जागा मोकळी राही. पुढे 1964 च्या पाँटियाक जीटीओने मध्यम आकाराच्या गाडीत अजस्र इंजिन घालण्याची लाट आणली, आणि 1968 मध्ये प्लिमथने स्वस्तातली 'रोड रनर' बाजारात आणली. तिच्यात मागणीनुसार मिळणाऱ्या 'हेमी' इंजिनाची जाहीर शक्ती होती 425 अश्वशक्ती.

आता सळईचे माप पाहावे. या वर्गातील साध्या गाडीचा बार 0.88 इंच जाडीचा, हेमीसाठी 0.92 इंच. फरक चार शतांश इंचांचा, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. पण पिळाला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून तेवढ्या फरकानेच स्प्रिंग सुमारे वीस टक्क्यांनी कडक होते. हल्ली अनेक हौशी मालक 0.88 काढून पूर्ण एक इंचाचा बार बसवतात. तो जवळजवळ दोनतृतीयांशाने अधिक कडक असतो.

मग कारखान्याने आधीच जाड बार का घातले नाहीत? कारण गाडी विकली जात होती सरळ रस्त्यावरच्या वेगावर. नरम बारामुळे बैठक सुखाची होते. शिवाय पाव मैलाच्या शर्यतीत तो उपयोगीच पडतो: गाडीचे नाक वर उचलले जाते, वजन मागच्या चाकांवर जाते आणि पकड वाढते. म्हणूनच त्या शर्यतींचे शौकीन हलक्या, सहा सिलिंडरच्या गाडीचे बारीक बार मुद्दाम शोधून लावीत. वळणावर मात्र तीच गाडी झुकते, डोलते. पोलिसांच्या गाड्यांना जाड बार मिळत. सामान्य गिऱ्हाइकाला सुख मिळे. सळईच्या जाडीत कोणाच्या गरजेला काय महत्त्व दिले, ते असे मोजून ठेवलेले आहे.

बार बदलण्याचे काम धसमुसळेपणाचे नाही. गाडी सांगाड्याखाली टेकू देऊन उचलायची, पुढची चाके लोंबती सोडायची, आणि समायोजनाचा बोल्ट पूर्ण सैल करायचा. पीळ उतरवल्याशिवाय हात घालणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. मग मागची कडी काढून सळई मागे सरकवायची. ती गंजून अडकली तरी पान्ह्याने आवळायची नाही की गॅसच्या ज्योतीने तापवायची नाही. तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते आणि एका ओरखड्यातूनही पुढे तडा जाऊ शकतो. डावा बार उजवीकडे चालत नाही. घडवतानाच त्याला कामाच्या दिशेने जास्तीचा पीळ दिलेला असतो. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण इथे शब्दशः खरी: बार आपली दिशा विसरत नाही.

एक गैरसमजही दूर करायला हवा. बोल्ट आवळला की स्प्रिंग कडक होते, असे अनेकांना वाटते. त्याने गाडीची फक्त उंची वाढते. कडकपणा ठरतो जाडी आणि लांबी यांवर. उंची बदलली की चाकांचे कोन पुन्हा जुळवावे लागतात, आणि जाड बाराला साजेसे शॉक-अॅब्सॉर्बरही लागतात. नव्या बारापूर्वी पाहायचा तो सांगाड्याचा आडवा तुळईसारखा भाग, ज्यात सळईचे मागचे टोक बसते. तो गंजाने पोखरला असेल, तर उत्तम बारही त्याला फाडून बाहेर येईल.

मूळ बार काढला तर ऐतिहासिक वस्तूशी प्रतारणा होते, असे काही संग्राहक म्हणतात. प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीपुरते ते रास्त आहे. पण जी गाडी आजही रस्त्यावर माणसे घेऊन धावते, तिने वळण सुखरूप घेणे हे मूळ भागाच्या क्रमांकाहून महत्त्वाचे. जुना बार पुसून, तेल लावून, डावा-उजवा खूण करून फडताळात ठेवावा. इतिहासही राहतो आणि गाडीही चालते.