मोडायला काढलेली नाव

नाव मोडीत काढायची वेळ कोणी ठरवावी? तिचा मालक, सरकारी दप्तर, की तिच्या भरवशावर जगलेला गाव? मला तरी याचे उत्तर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या रेडकारमध्ये सापडते. तिथे 'झेटलंड' नावाची नाव जपून ठेवली आहे. जगात शिल्लक असलेली ही सर्वांत जुनी लाईफबोट.

१७८९ साली टाईन नदीच्या मुखाशी 'ॲडव्हेंचर' हे जहाज वादळात रुतले. काठावर माणसांची गर्दी, पण त्या लाटांत होडी घालायला कोणी धजेना. खलाशी डोळ्यांदेखत बुडाले. त्या हळहळीतून बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठीच खास नाव बांधायचे ठरले आणि साऊथ शील्ड्सच्या हेन्री ग्रेटहेडने ती बांधली. झेटलंडही त्याच्याच हातची, १८०२ ची. लांबी सुमारे ३० फूट, दोन्ही टोके सारखीच निमुळती. त्यामुळे खवळलेल्या पाण्यात नाव वळवण्याचा धोका नको. वल्हेकऱ्यांनीच तोंड फिरवून बसायचे. उलटली तर आपोआप सुलटी होण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती. तिच्यात बसणारे बहुतेक गावचेच मासेमार. तरीही तिने ५०० हून अधिक जीव वाचवले. आपला एकच माणूस गमावला, विल्यम गाय, १८३६ च्या नाताळच्या दिवशी.

१८६४ साली ती एका मोहिमेत दुखावली. लाईफबोट संस्थेने गावाला नवी नाव दिली आणि जुनी मोडायचा हुकूम सोडला. सुतार कामाला लागलासुद्धा! गावकरी धावून आले, त्यांनी त्याला थांबवले, आणि शेवटी नाव गावाच्याच हवाली झाली.

मोडीत काढलेली ही नाव १८८० च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाण्यात उतरली. वादळात 'लूना' हे जहाज रेडकारच्या धक्क्यावर आदळले होते. ७८ वर्षांच्या झेटलंडने त्याचे खलाशी सुखरूप काठावर आणले. तिची ही शेवटची मोहीम. गावाने तिच्यावर माया केली ती फुकट गेली नाही.

वाचकहो, आपल्या किनाऱ्यांवर रापणीच्या जुन्या होड्या माडाखाली उलट्या पडून कुजताना मी पाहिल्या आहेत. त्यांनी किती घरांची चूल पेटती ठेवली, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. सगळ्याच होड्या जपता येणार नाहीत, हे खरे. पण प्रत्येक गावाने एक तरी राखावी, आणि तिच्यावर कोण कोण बसत असे ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. सुतार येण्याआधी.